निळी खडी

५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. फोन सोडून लिहायला बसलो त्याचं कारण सोबतची पुडी. फोटोत रंग खोटं बोलतात, हे तू मला इतक्यांदा ऐकवलं आहेस, की सगळी हयात कापड गिरणीच्या रंगखात्यात काढलेल्या बाईला फोटो पाठवायची माझी हिंमत नाही. म्हणून चिमूटभर खडीच पाठवतो आहे. खिडकीपाशी नेऊन बघ.

मागच्या खोलीतली आगगाडी आता आकाराला आली आहे. जुनी दोन दारं जोडून टेबल केलं, त्यावर रूळ टाकून झाले. आपलं लहानपणीचं स्टेशन, पाण्याची टाकी, फाटक, मालधक्का, सगळं हाताएवढ्या इंजिनाच्या मापात. डोंगर मी आमच्या दातांच्या दवाखान्यात उरलेल्या प्लास्टरचे केलेत, ज्याच्या आम्ही कवळ्या ओततो त्याच. अण्णांचं म्हणणं, दात येणारे डोंगर त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. आई गेल्यावर ते इथे राहायला आले तेव्हा दिवसदिवस खुर्चीत बसून असायचे, आठवतं ना? आता सकाळी आंघोळ झाली की टोपी घालून मागच्या खोलीत कामावर हजर. मी मजूर, ते मुकादम.

गाडं अडलंय ते रुळांखालच्या खडीपाशी. बांधकामावरून काळे दगड आणले, खलात कुटले, चहाच्या गाळणीने चाळले. (तुझ्या भावजयीची ही तिसरी गाळणी. घरात वातावरण तंग आहे.) मला विचारशील तर छान राखाडी रंग आला. अण्णांनी चिमूट हातात घेतली आणि म्हणाले, ही खडी आहे की लाकडाचा भुसा, इतकी पिवळी कशी? मी पाच वेगळे दगड कुटले. सगळे पिवळे! ज्या माणसाने जन्मभर रेल्वेच्या गँगकडून खऱ्या रुळांखाली खडी ठोकून घेतली, त्याच्यापुढे मी काय बोलणार? तूही त्याच लाइनीच्या कडेला वाढलीस. आपल्या खडीचा रंग नेमका कोणता होता, तेवढं सांग.

भावोजींना नमस्कार. बाकी लोभ आहेच, तो चाळून बघायची गरज नाही.

तुझा,
धाकटा

---

१४ फेब्रुवारी

चि. मजूरसाहेब यांस,
अनेक आशीर्वाद, आणि भावजयीला एक गाळणी वेगळ्या पार्सलने.

तुझी पुडी उत्तरेच्या खिडकीपाशी उघडली. रंग ठीक आहे रे. पिवळेपणा म्हणशील तर जेमतेम, तोही मी हुडकायला बसले म्हणून सापडला. पण तुझी खरी चूक निराळीच आहे. तू सगळ्या लाइनीला एकच रंग लावायला निघालास. खडी कुठे एका रंगाची असते? गाड्या स्टेशनात शिरताना ब्रेक लावायच्या तिथे लोखंडाचा कीस उडून गंजायचा, ती खडी तांबूस तपकिरी. इंजिन पाणी प्यायला थांबायचं तिथे तेल आणि राख सांडून काळीकुट्ट. मालधक्क्यावर चुन्याची पोती उतरायची, तिथे पांढुरकी. आणि फाटकाच्या पलीकडे, जिथे कोणी थांबत नसे, तिथे स्वच्छ राखाडी. माझ्या चपलांचे तळवे बघून आई सांगायची मी कुठे उंडारून आले ते. काळे असले की मार ठरलेला, कारण पाण्याच्या टाकीपाशी जायची बंदी होती.

अजून एक गिरणीतलं शहाणपण फुकट देते. अंगठ्याएवढ्या तुकड्यावर जो रंग दिसतो तो अख्ख्या ताग्यावर तसा दिसत नाही. तुझी गाडी हाताएवढी, मग तिच्या खडीचा रंगही खऱ्यापेक्षा थोडा फिका हवा, नाहीतर सगळी लाइन डांबर ओतल्यासारखी दिसेल. आणि ओल्या डिंकावर रंग ठरवू नकोस, ओलं सगळंच गडद दिसतं. पुरता वाळू दे आणि मग दिवसाउजेडी बघ, बल्बखाली नको.

सोबत पाच पुड्या आहेत, राखाडीच्या दोन छटा धरून. दगडाची भुकटी आमच्या गल्लीतल्या पाथरवटाकडून आणली, रंग मी चढवले. अण्णांना म्हणावं, मुकादमांनी माल तपासून घ्यावा. ते नापास करतील तर कारण लेखी कळवा! त्यांची तब्येत कशी आहे? मागच्या आठवड्यात फोनवर बोलले ते जरा तुटक वाटले.

तुम्हा सगळ्यांचा जीव माझ्यावर आहे तसाच पक्का राहू दे, पहिल्या धुण्यात उतरणारा नको.

तुझी,
ताई

---

२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पाचही पुड्या मुकादमांनी नापास केल्या. कारण लेखी कळवतो: पिवळी, पिवळी, पिवळी, फार पिवळी, आणि काळी मात्र बरी.

पुढचं ऐक. परवा कंटाळून मी कपड्यांना घालायची नीळ चिमूटभर खडीत मिसळली. अण्णांची कळी खुलली. जमतंय, अजून थोडी घाल, म्हणाले. मी घातली. दुसऱ्या दिवशी आणखी. आता फाटकापासून स्टेशनापर्यंतची खडी शाईची बाटली कलंडल्यासारखी निळी आहे, आणि अण्णा तिच्याकडे बघून हरखून जातात. हीच ती, म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ताई, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवल्याचं तुला आठवतं? मला तरी नाही. मग मी वाद कशाला घालू? दवाखान्यातले माझे दोन दोस्त गाडी बघायला आले होते. खडी बघून एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागले. मी तोंड वर करून सांगितलं की आमच्या लाइनीवर तसलाच दगड होता.

पण खरं सांगू, मला भीती वाटते आहे. बैठकीच्या भिंतींना नवा पांढरा रंग दिला तर त्यांनी विचारलं, पिवळा का लावलास. एका पायात काळा मोजा आणि दुसऱ्या पायात निळा घालून फिरायला निघाले. धुऊन आलेला सदरा मळका आहे म्हणून स्वतः परत धुतला. समोरच्या शिंप्याशी त्यांची इतकी गट्टी, आणि परवा तो रस्त्यापलीकडून हात करत होता तर हे सरळ पुढे निघून गेले. शिंपी बिचारा विचारायला आला, काही चुकलं का म्हणून. तुझ्या भावजयीला आणि मला रोज एकच धास्ती: साठी बुद्धी नाठी म्हणतात, अण्णांची तर पंच्याहत्तरी उलटली. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी म्हणतो. तोवर त्यांना एकट्याने बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं आमचं ठरतंय.

हे लिहिताना बरं वाटत नाही. तू मोठी आहेस, तूच काय ते सांग.

तुझा,
धाकटा

---

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कामावर जायच्या घाईत उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसून पुन्हा वाचलं. आधी घाबरले. मग त्यातले रंग तेवढे वेगळे काढले आणि माझा जीव भांड्यात पडला. वेड्या, अण्णांची बुद्धी शाबूत आहे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे!

आमच्या रंगखात्यात एक म्हातारे उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली मी शिकले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते प्रत्येक राखाडी रंगात निळा जास्त घालायला लागले. माल परत यायचा. सगळे म्हणायचे, उस्तादांचं डोकं फिरलं. शेवटी कळलं की डोळ्यातलं भिंग जुन्या काचेसारखं पिवळं पडलं होतं. ते बिचारे त्या काचेतून बघून रंग बरोबर करत होते, आणि आम्ही काचेबाहेरून बघून त्यांना हसत होतो. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, ते आपण माणसाच्या मनाबद्दल म्हणतो. अण्णांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. पांढरी भिंत पिवळी, धुतलेला सदरा मळका, काळा आणि निळा मोजा सारखाच, रस्त्यापलीकडचा शिंपी नुसता धुरकट ठिपका. सगळं जुळतंय बघ.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. मेंदूचा नको. आणि फिरायला जायची बंदी तर मुळीच घालू नकोस, सोबत जा फार तर. त्या माणसाचे पाय बांधलेस तर तो खरंच खुर्चीत जाऊन बसेल.

लोभ आहे म्हणून रागावते, हे तुला सांगायला नको.

तुझी,
ताई

---

१५ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं असतं तर मी देवापुढे साखर ठेवली असती. पण डोळे आम्ही बैठकीच्या रंगकामाआधीच तपासले होते. मी स्वतः सोबत होतो. अण्णांनी तक्त्यावरची अक्षरं वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचली, अगदी शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. डोळ्यांत बॅटरी मारून मात्र अण्णांनी बघूच दिलं नाही, म्हणाले सगळं वाचलं की, आता काय राहिलं? डॉक्टरही गर्दीत होते, हसून सोडून दिलं.

म्हणून मेंदूच्या डॉक्टरांची येत्या महिन्यातली वेळ घेतली आहे. आणि व्हायला नको तेच झालं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात त्याबद्दल बोलत होतो ते अण्णांनी दारात उभं राहून ऐकलं. तेव्हापासून मागच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. टोपी खुंटीवर आहे. जेवायला बसतात, ताटाकडे बघून जेवतात, उठतात. मी दोनदा बोलवायला गेलो तर म्हणाले, वेड्या माणसाचं तिथे काय काम?

मला काही सुचत नाही.

तुझा,
धाकटा

---

१९ मार्च

(धाकट्या, हे पत्र अण्णांचं आहे. फोडलंस तर याद राख. त्यांच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा. कुंचल्याने लिहिलं आहे, त्यांना एकट्याला वाचता येईल.)

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षरं मोठी काढली आहेत, म्हणून बोलणं थोडं.

तुम्हाला वेड लागलेलं नाही. मला माहीत आहे.

मी लहान होते तेव्हा तुम्ही दाढी करताना एक कविता म्हणायचात. र, ध, प, ण, म. मी ती पाठ करून शाळेत म्हणून दाखवली होती. बाईंना काही कळलं नाही. पुढे मला कळलं, तो रेल्वेच्या डोळेतपासणीचा तक्ता होता. नापास झालेल्याला लाइनीवरून काढायचे. तुम्ही नापास झाला नाहीत.

तिथल्या डॉक्टरांच्या तक्त्याचं तुम्ही काय केलंत? आत जायच्या आधी बाहेर बाकावर बसून पुढच्या माणसाचं वाचन ऐकलंत ना?

अण्णा, आता तुम्हाला कोणी लाइनीवरून काढणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ही मूठ झाकून ठेवलीत तर धाकटा तुम्हाला वेडा समजून झुरत राहील. तो रडकुंडीला आला आहे. त्याला सांगा. मला नका सांगू, त्याला सांगा.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

मोठी

---

१० एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला सगळं समजलंच, पण फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र घेऊन अण्णा बराच वेळ खिडकीत उभे होते. मग टोपी घालून मागच्या खोलीत आले. मी बाकावर बसून उगाच गाडीचा एक डबा घासत होतो. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की मागच्या वर्षापासून पेपरातलं फक्त ठळक वाचता येतं. दवाखान्यात पुढच्या बाईंनी अक्षरं मोठ्याने वाचली होती, एकदा ऐकली की त्यांच्या लक्षात राहतात, ही सवय नोकरीतली. आमच्यावर ओझं नको, शिवाय आंधळा म्हटलं की माणूस कोपऱ्यात बसवतात, म्हणून बोलले नाहीत. मी विचारलं, आणि वेडा ठरवलं असतं तर? त्यावर म्हणाले, तेही परवडलं नसतं, पण निदान तो दोष माझा नसता, तुमचा असता. या म्हाताऱ्याशी कोणी कसं बोलावं, तूच सांग! मी त्यांच्यावर चिडलो, त्यांना चिकटलो आणि रडलोही. मेंदूच्या डॉक्टरांना नको म्हणून कळवलं आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी या वेळी तक्ता दाखवलाच नाही, आधी भिंग तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिवळे पडलेले. उजव्याचं भिंग बदललं. पट्टी निघाली आहे. डावा पुढच्या महिन्यात. पुढचं तेच तुला लिहिणार आहेत, मला बोलायची मनाई आहे.

तू नसतीस तर मी काय करून बसलो असतो, याचा विचार करवत नाही. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
धाकटा

---

१२ एप्रिल

चि. सौ. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. ओळी सरळ आल्या आहेत का बघ. भिंग बदललं. दुखलं नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण बडबड फार. भिंत पांढरी आहे हे मी मान्य केलं आहे. शिंप्याला रस्त्यापलीकडून मीच आधी हात केला. त्याने मिशा काढल्यात, कोणी मला सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणून मागच्या खोलीत गेलो. लाइन बघितली आणि माझं टाळकंच सरकलं. फाटकापासून स्टेशनापर्यंत निळी खडी! असली खडी जगात कुठल्या लाइनीवर असते? कोणी हा उद्योग केला म्हणून ओरडलो. धाकटा गाळणी हातात घेऊन उभा राहिला. सूनबाई हसून हसून खालीच बसली. मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा केली दोघांनी. राग आला.

मग काय वाटलं कोण जाणे, नव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने बघितलं. अगं मोठे, तीच खडी. फाटकापलीकडची, स्वच्छ राखाडी, ज्यावरून मी इतकी वर्षं चाललो तीच. हात काढला की निळी. झाकला की बरोबर. असं मी किती वेळा केलं देव जाणे. धाकट्याला वाटलं डोळ्यात काही गेलं, तो थेंबांची बाटली घेऊन धावत आला.

त्याला रंग कळत नाहीत असं नाही. शेजारशेजारच्या दोन दातांच्या रंगातला फरक ओळखून तो पोट भरतो. ती खडी निळी आहे हे त्याला रोज दिसत होतं. त्याचे दोस्त येऊन हसून गेले, तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होतो. तो काय बोलला ते ऐकलं होतं, पण तेव्हा अर्थ लागला नाही. बाप चुकतो आहे असं त्याने एकदाही म्हटलं नाही. मला जशी दिसायला हवी होती तशी खडी तो घालत राहिला. जन्मभर माझ्या हाताखाली माणसं होती, कोणी माझ्यासाठी असं काम केल्याचं मला आठवत नाही. त्याच्याजवळ हे मला बोलता येत नाही, म्हणून तुला लिहितो.

ती खडी काढावी लागणार. खोटी खडी लाइनीवर ठेवणं माझ्याच्याने व्हायचं नाही. तू येशील तेव्हा पाचही पुड्या भरपूर घेऊन ये, ब्रेकची तांबूस आणि मालधक्क्याची पांढुरकी जास्त आण, तुझं ते बरोबर होतं. पण डावा डोळा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही असा माझा हुकूम आहे. तोही नवा झाला की ती खडी मला निळीच दिसणार, दुसरी दिसायची नाही. म्हणून सध्या रोज सकाळी टोपी घालून जातो, उजव्या डोळ्यावर हात ठेवतो आणि पोराने काय केलं आहे ते बघून घेतो.

जावईबापूंना आशीर्वाद. तुम्ही दोघं जितका जीव लावता त्याहून जास्त लावण्याची सोय माझ्याकडे नाही, आहे तो गोड मानून घ्यावा.

तुझे,
अण्णा